‘अर्बन’ रेडिओ नेमका कोणाचा? जाहिरात-खरेदीच्या टेबलावरून एक सविस्तर उत्तर

पुण्यात माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. अमेरिकेत ‘अर्बन’ म्हणवणारी संगीत रेडिओ स्टेशनं म्हणजे कृष्णवर्णीयांची स्टेशनं का? तसं असेल तर सरळ तसं न म्हणता ‘अर्बन’, म्हणजे शहरी, असं का म्हणतात? आणि श्रोत्यांच्या आकड्यांत अगदी वर असलेली ही स्टेशनं कमाईत मागे का राहतात?

मी न्यूयॉर्क-न्यू जर्सी भागात बावीस वर्षं रेडिओच्या जाहिरात-खरेदीत काम केलं. कोणत्या स्टेशनवर, दिवसाच्या कोणत्या वेळेला, किती सेकंदांची जाहिरात आणि किती डॉलरला, हे ठरवण्याचं ते काम. गायक, निवेदक, गाणी यांच्या बाजूने या विषयावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी पैशाच्या बाजूने सांगते, कारण तुमचे तिन्ही प्रश्न तिथे एकत्र येतात.

‘फॉरमॅट’ हा शब्द ऐकला की स्टेशनवर कोणती गाणी लागतात त्याचं ते नाव असेल असं वाटतं. आमच्या टेबलावर फॉरमॅट म्हणजे विकायला ठेवलेला श्रोता. ‘अर्बन कंटेम्पररी’ म्हटलं की खरेदी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर १८ ते ३४ वयाचा कृष्णवर्णीय श्रोता येतो. ‘अर्बन अ‍ॅडल्ट कंटेम्पररी’ म्हटलं की त्याचीच मोठी बहीण, २५ ते ५४ वयाची, नोकरी करणारी, घर चालवणारी. आणि ‘ऱ्हिदमिक’ म्हटलं की तेच हिप-हॉप, पण श्रोते मिसळलेले : गोरे, लॅटिनो, आशियाई, कृष्णवर्णीय. एकच गाणं एकाच शहरात एकाच तासाला दोन स्टेशनांवर वाजतं, त्यातलं एक ‘अर्बन’ म्हणून विकलं जातं, दुसरं ‘ऱ्हिदमिक’ म्हणून, आणि दर हजार श्रोत्यांमागे दुसऱ्याला जास्त पैसे मिळतात. हे मी वर्षानुवर्षं दरपत्रकांवर पाहिलं आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, ‘अर्बन’ म्हणजे व्यवहारात कृष्णवर्णीय श्रोताच. पण ‘त्यांची स्टेशनं’ म्हणताना जरा थांबायला हवं, कारण श्रोता कोण आणि मालक कोण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते अगदी सुरुवातीपासून वेगळे होते.

मेम्फिसचं डब्ल्यूडीआयए हे स्टेशन १९४७ मध्ये सुरू झालं. मालक दोघे गोरे. नेहमीची गोऱ्यांची गाणी लावून धंदा जमेना, तेव्हा १९४८ मध्ये त्यांनी नॅट डी. विल्यम्स या कृष्णवर्णीय शिक्षकाला माइकसमोर बसवलं. प्रतिसाद इतका आला की थोड्याच काळात सगळं प्रक्षेपण कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी झालं. १९५४ मध्ये स्टेशनला ५०,००० वॅटची ताकद मिळाली आणि मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखात दूरदूरवर त्याचा आवाज पोचू लागला. ब्लूज गायक बी. बी. किंग तिथेच पुढे आले. त्यांचा पहिला छोटा कार्यक्रम ‘पेप्टिकॉन’ नावाच्या एका टॉनिकच्या जाहिरातीवर चालायचा आणि त्या टॉनिकची जिंगल ते स्वतः गायचे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एका अख्ख्या स्टेशनने मान्य केलं की कापूस वेचणारी, धुणीभांडी करणारी ही माणसं गिऱ्हाईक आहेत, त्यांच्या खिशात पैसे आहेत आणि ते मागायचे तर त्यांच्याशी त्यांच्या बोलीत, त्यांच्या माणसाकरवी बोललं पाहिजे. प्रतिनिधित्व आलं ते या दाराने. ते कमी प्रतीचं होतं असं मी म्हणणार नाही. लोकांना आपला आवाज हवेत ऐकू आला, हरवलेल्या मुलाची घोषणा आपल्या माणसाने केली. त्याची किंमत ज्यांनी ऐकलं त्यांनाच कळते. पण परवाना आणि गल्ला मालकांकडेच होता.

विल्यम्स माइकसमोर बसले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, अटलांटात जेसी ब्लेटन या कृष्णवर्णीय हिशेबतज्ज्ञाने डब्ल्यूईआरडी हे स्टेशन विकत घेतलं. कृष्णवर्णीय मालकीचं हे देशातलं पहिलं रेडिओ स्टेशन. पुढे त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मार्टिन लूथर किंग यांच्या संघटनेचं कार्यालय आलं. किंग यांना काही सांगायचं असलं की ते झाडूच्या दांड्याने छतावर ठोकायचे आणि वरून निवेदक खिडकीतून मायक्रोफोन खाली सोडायचा, अशी हकिगत अटलांटात आजही सांगतात. मालक कोण याने काय फरक पडतो, असं मला कोणी विचारलं की मी हीच हकिगत सांगते. जाहिरातदार रागावला तर काय, हा विचार तिथेही होताच. पण तो विचार करणारा माणूस त्याच वस्तीतला होता.

आता ‘शहरी’ या शब्दाकडे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यूबीएलएस, १०७.५ एफएम, हे स्टेशन इनर सिटी ब्रॉडकास्टिंग या कंपनीचं होतं. कंपनीच्या संस्थापकांत पर्सी सटन होते, माल्कम एक्स यांचे वकील आणि पुढे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बरोचे, म्हणजे त्या विभागाचे, अध्यक्ष. कार्यक्रमांची सूत्रं फ्रँकी क्रॉकर यांच्याकडे. ‘अर्बन कंटेम्पररी’ या नावाचं श्रेय त्यांनाच देतात. क्रॉकर सोल, डिस्को, लॅटिन, जॅझ हे सगळं एकापाठोपाठ एक लावायचे, आणि शहर ते ऐकायचं. ऐकणाऱ्यांत गोरेही होते, पोर्तोरिकन होते. म्हणजे त्या शब्दात एक खरी, मोठ्या मनाची कल्पना होती : हे संगीत या शहराचं आहे, ज्याला आवडेल त्याचं आहे.

पण तोच शब्द विक्रेत्यांच्या हातात गेला आणि त्याचं दुसरं काम सुरू झालं. गोऱ्या जाहिरातदारासमोर बसून ‘कृष्णवर्णीयांचं स्टेशन’ म्हटलं की तो मागे सरकायचा; ‘शहरी’ म्हटलं की निदान ऐकून घ्यायचा. काही वर्षांत सगळ्यांना कळलं की शहरी म्हणजे कोण, आणि मग तो शब्दच नकार देण्याच्या कामी आला. आमच्या धंद्यात त्याला ‘नो अर्बन डिक्टेट’ म्हणतात. जाहिरातदार एजन्सीला लेखी किंवा तोंडी सांगतो : अर्बन आणि स्पॅनिश स्टेशनं वगळा. कारण द्यायची गरज नाही. दिलंच तर ‘आमचा ग्राहक तिकडे नाही’.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी असं एक टिपण माझ्या टेबलावर आलं. घरगुती वस्तूंची जाहिरात होती. वस्तू अशी की ती घरोघरी लागते, रंग पाहून लागत नाही. आकड्यांप्रमाणे हव्या त्या वयोगटातल्या बायकांमध्ये एक अर्बन स्टेशन दुसऱ्या क्रमांकावर होतं. मी वरिष्ठांना विचारलं, हे कसं वगळायचं? उत्तर आलं, यादीत घालू नकोस, एवढंच. मी घातलं नाही. ती यादी माझ्या सहीने गेली. आज इतक्या वर्षांनी हे उत्तर लिहायला बसण्याचं ते एक कारण आहे. भेदभाव म्हणजे कोणीतरी कोणाला शिवी देणं असं आपण समजतो. मी पाहिलेल्या भेदभावात आवाजच नव्हता. एका तक्त्यातली एक ओळ गाळली, आणि एका स्टेशनचा त्या तिमाहीतला एका निवेदकाचा पगार गेला.

हे फक्त माझ्या अनुभवाचं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय दळणवळण आयोगासाठी, म्हणजे एफसीसीसाठी, झालेला एक अभ्यास जानेवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला क्रमांक असूनही तो पुरत नाही, अशा अर्थाचं त्याचं नाव होतं. पाहणीत उत्तर देणाऱ्या अल्पसंख्याक प्रसारकांपैकी ९१ टक्क्यांनी असे डिक्टेट अनुभवल्याचं सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी जाहिरात-विक्रीच्या एका मोठ्या संस्थेचं अंतर्गत टिपण बाहेर आलं होतं. जाहिरातदारांना ‘संभाव्य ग्राहक हवेत, संशयित नकोत’ असा त्याचा आशय. इंग्रजीत ते दोन शब्द, ‘प्रॉस्पेक्ट्स’ आणि ‘सस्पेक्ट्स’, यमकात बसतात. कोणीतरी ते छान जमलंय म्हणून लिहिलं असणार, हे मनात आलं की अजून त्रास होतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोजायला आमच्याकडे ‘पॉवर रेशो’ नावाचं एक माप आहे. स्टेशनचा कमाईतला वाटा भागिले श्रोत्यांमधला वाटा. समजा शहरातल्या एकूण ऐकण्यापैकी ८ टक्के एका स्टेशनचं आहे आणि जाहिरातीच्या पैशातलेही ८ टक्के त्याला मिळाले, तर रेशो १. पैसे ५ टक्केच मिळाले तर ०.६३ च्या आसपास. बातम्या आणि चर्चांची स्टेशनं बहुतेकदा १ च्या वर असतात. अर्बन स्टेशनं बहुतेकदा खाली. यातला काही भाग श्रोत्यांच्या उत्पन्नातल्या फरकाने समजावता येतो, आणि विक्रेते तेच समजावतात. पण साबण, टूथपेस्ट, फोनची सेवा, हॅम्बर्गर यांच्या जाहिरातीतही हा फरक राहतो तेव्हा उत्पन्नाचं कारण पुरत नाही. दुसरं एक कारण मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं : ‘ते लोक सर्वसाधारण स्टेशनंही ऐकतातच, तिथली जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचतेच, मग वेगळे पैसे कशाला?’

हे वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटलं पाहिजे. बृहन्मुंबईत २०११ च्या जनगणनेत मातृभाषा म्हणून सगळ्यात मोठी भाषा मराठी होती, साधारण ३५ टक्के लोकांची. तरी मुंबईच्या खासगी एफएमवर दिवसभर हिंदी गाणी. सुट्टीला आल्यावर तिथल्या व्यवसायातल्या मित्रांना मी विचारते तेव्हा उत्तर तेच : मराठी माणूस हिंदी ऐकतोच. म्हणजे जो दुसऱ्याची भाषा समजून घेतो त्याची स्वतःची भाषा विकत घेण्याची गरज उरत नाही. वंश आणि भाषा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुंबईच्या मराठी माणसाची स्थिती शिकागोच्या कृष्णवर्णीयासारखी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण जाहिरातदाराचा हिशेब दोन्हीकडे त्याच पद्धतीने मांडला जातो, आणि तुमच्या अभ्यासाला ते उपयोगी पडेल.

आता मोजणीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण यावर फार कमी लोक बोलतात. २००७ पर्यंत अमेरिकेत आर्बिट्रॉन ही कंपनी सगळीकडे डायऱ्यांवरून श्रोते मोजायची. निवडलेल्या माणसाने आठवडाभर, गुरुवार ते बुधवार, काय ऐकलं ते वहीत लिहायचं. माणूस आठवणीने लिहितो, आणि आठवणीत आवडतं स्टेशन मोठं होतं. ज्याचं एका स्टेशनवर मन बसलं आहे तो ‘संध्याकाळी सहा ते दहा’ असं लिहून मोकळा होतो. कृष्णवर्णीय श्रोते आपल्या स्टेशनला खूप वेळ देत आले आहेत. डायरीत ते दिसायचं.

मग पोर्टेबल पीपल मीटर आला. पेजरएवढं यंत्र. स्टेशन आपल्या आवाजात कानाला न जाणवणारा एक संकेत मिसळतं, आणि माणूस जिथे जाईल तिथे कमरेचं यंत्र तो टिपतं. दुकानात, टॅक्सीत, दंतवैद्याकडे. पहिल्यांदा फिलाडेल्फिया आणि ह्यूस्टन, मग २००८ मध्ये न्यूयॉर्क. आकडे बदलले. एकेक माणूस पूर्वी वाटत होतं त्यापेक्षा जास्त स्टेशनं ऐकतो असं दिसलं, आणि प्रत्येकाला देतो तो वेळ कमी. म्हणजे ज्यांची ताकद ओझरत्या ऐकण्यात होती, दुकानात लावली जाणारी सौम्य गाण्यांची स्टेशनं, ती वर गेली. ज्यांची ताकद जिव्हाळ्यात होती ती खाली आली, आणि अर्बन व स्पॅनिश स्टेशनं त्यात पुढे होती.

ही घसरण खरी होती की नमुन्यातला दोष? मला विचाराल तर दोन्ही. आठवणीने फुगलेले तास यंत्राने कमी केले, हे बरोबरच होतं. पण यंत्र कोणाच्या कमरेला आहे हेही पाहायला हवं. ज्या घरात फक्त मोबाइल आहे, तारेचा फोन नाही, अशी घरं नमुन्यात कमी येत होती, आणि तरुण कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलं त्याच घरांत जास्त राहत होती. थोड्या मुलांना भार देऊन, म्हणजे एकाला तीन-चार जणांइतकं मोजून, आकडा पुरा केला जायचा. त्यातला एक मुलगा आठवडाभर आजीकडे गेला, यंत्र घरीच विसरला, तर एका स्टेशनचा महिना बुडायचा. मी स्वतः असे महिने पाहिले आहेत : गाणी तीच, निवेदक तोच, रस्त्यावरच्या गाड्यांतून ऐकू येणारं स्टेशन तेच, आणि कागदावर एक-तृतीयांश श्रोते गायब. ऑक्टोबर २००८ मध्ये न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलनी कंपनीवर खटले भरले. जानेवारी २००९ मध्ये तडजोड झाली. नमुना सुधारायचा, फक्त मोबाइल असलेली घरं वाढवायची असं ठरलं. सुधारणा झाल्याही. पण पुढची दोन-तीन वर्षं मंदीची होती आणि या स्टेशनांकडे थांबायला गंगाजळी नव्हती. इनर सिटी ब्रॉडकास्टिंग २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०१२ मध्ये न्यूयॉर्कचं ९८.७ किस एफएम हे दुसरं अर्बन स्टेशन बंद झालं आणि त्याचं नाव डब्ल्यूबीएलएसमध्ये विलीन झालं; त्या जागेवर खेळांच्या चर्चा सुरू झाल्या. फक्त मीटरमुळे हे घडलं असं म्हणणं चुकीचं ठरेल, कर्ज हे मोठं कारण होतं. पण दर पडलेले असताना कर्ज फेडता येत नाही.

याच मोजणीत एक गोष्ट माझ्या स्वतःच्या घराशी जोडलेली आहे. त्या काळात वंशाच्या रकान्यात तीन पर्याय असायचे : कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि इतर. न्यू जर्सीतल्या एडिसन गावातलं आमचं मराठी कुटुंब, पलीकडचे गुजराती, कोपऱ्यावरचे इटालियन आणि गावातले जुने गोरे, आम्ही सगळे ‘इतर’. माझा मुलगा शाळेच्या बसमध्ये रोज हिप-हॉप ऐकायचा आणि हिशेबात गोऱ्या मुलात धरला जायचा. ज्याला कप्पाच नाही त्याच्यासाठी कोणी कार्यक्रम आखत नाही. म्हणून या भागातले आपले भारतीय कार्यक्रम बरीच वर्षं तास विकत घेऊन चालले : वाणसामानाचं दुकान, प्रवास कंपनी, स्थलांतराचा वकील यांच्या जाहिरातींवर. कप्पा मिळाला की शिक्का बसतो आणि कप्पा नसला की माणूस दिसत नाही, या दोन्हींतून काय निवडावं हे मला अजून सोपं वाटत नाही.

समाजाच्या आतलाही एक ताण सांगायला हवा, नाहीतर चित्र अपुरं राहील. १९८० च्या दशकात रॅप आलं तेव्हा अनेक अर्बन स्टेशनांनी दिवसा ते लावायचं नाकारलं. काही तर ‘आमच्याकडे रॅप नाही’ हे जाहिरातीसारखं सांगायची. ठरवणारे कृष्णवर्णीयच होते. पण त्यांना २५ ते ५४ वयाचा, पगारदार श्रोता जाहिरातदारासमोर ठेवायचा होता आणि वस्तीतल्या पोरांचा आवाज त्या सौद्यात अडचणीचा होता. लॉस एंजेलिसचं केडीएवाय, एएमवरचं स्टेशन, ग्रेग मॅक यांनी त्याच काळात हिप-हॉपकडे वळवलं. पुढे न्यूयॉर्कमध्ये हॉट ९७ या स्टेशनने ते मोठ्या पैशाचं केलं, आणि त्याचे मालक कृष्णवर्णीय नव्हते. ज्यांनी आपल्याच मुलांना दाराबाहेर ठेवलं त्यांची मुलं दुसऱ्याच्या घरी मोठी झाली. यात मला दोष द्यावासा वाटत नाही. डिक्टेटच्या दबावाखाली माणूस अशीच निवड करतो.

मालकीबद्दल थोडक्यात. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं बाळगावीत यावरची ४० ची मर्यादा काढली. मोठ्यांनी शेकड्यांनी स्टेशनं घेतली, एकट्यादुकट्या मालकांनी विकली. याच लाटेवर एक कृष्णवर्णीय बाई टिकल्या : कॅथी ह्यूज. १९८० मध्ये वॉशिंग्टनचं डब्ल्यूओएल त्यांनी विकत घेतलं, पैसे संपले तेव्हा त्या स्टेशनमध्येच राहिल्या, आणि १९९९ मध्ये त्यांची रेडिओ वन कंपनी शेअर बाजारात आली. आज तिचं नाव अर्बन वन आहे. २०२० मध्ये संगीत-व्यवसायातून ‘अर्बन’ शब्द मागे घेतला जाऊ लागला, रिपब्लिक रेकॉर्ड्स या संगीत कंपनीने तो सोडला, ग्रॅमीने एका पारितोषिकाचं नाव बदललं. तेव्हा ज्यांनी तो शब्द आपल्या कंपनीच्या पाटीवर लावला होता त्यांनी तो ठेवला. दोन्ही निर्णय मला समजतात. रेडिओच्या खरेदीत मात्र तो शब्द अजून रोज वापरला जातो.

डिक्टेटविरुद्ध काय झालं, हेही सांगते. १९९९ मध्ये टॉम जॉयनर आणि टॅव्हिस स्माइली या कृष्णवर्णीय निवेदकांनी कॉम्पयूएसए या संगणक-दुकानांच्या साखळीविरुद्ध मोहीम चालवली. कृष्णवर्णीय माध्यमांत ती जाहिरात करत नव्हती. श्रोत्यांना सांगितलं, तुमच्या खरेदीच्या पावत्या पाठवा. पावत्यांचा ढीग आला आणि कंपनी नमली. मला ही मोहीम फार प्रिय आहे, कारण ‘आमचा ग्राहक तिकडे नाही’ या वाक्याला ते अचूक उत्तर होतं. पुढे २००७-०८ मध्ये एफसीसीने नियम केला : परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी स्टेशनने हमी द्यायची की आपल्या जाहिरात-करारांत वंशावरून भेदभाव न करण्याचं कलम आहे. पण आयोगाचा अधिकार स्टेशनांवर चालतो, जाहिरातदारांवर नाही. नियमाने लेखी टिपणं कमी झाली असतील. तोंडी सूचना थांबल्या असं मी म्हणू शकत नाही. आणि आता बरीच खरेदी संगणकावर पिनकोड व उत्पन्नाच्या गाळण्या लावून होते, तिथे सूचना देण्याचीही गरज पडत नाही.

तुमच्या प्रकल्पासाठी एक काम सुचवते, पुण्यात बसून इंटरनेटवरून करता येईल. अमेरिकेतल्या एकाच शहरातलं एक अर्बन आणि एक ऱ्हिदमिक स्टेशन निवडा. एकाच दिवशी, तिथल्या सकाळी सात ते आठ, दोन्ही ऐका. मात्र बाहेरदेशी ऐकणाऱ्याला स्टेशनं वेगळ्या जाहिराती लावत असतील, म्हणून तिथे राहणाऱ्या कोणाकडून तो तास ध्वनिमुद्रित करून घ्या. गाणी लिहू नका, जाहिराती लिहा. बँक किती, विमान कंपनी किती, नव्या गाड्या किती. अपघाताच्या दाव्यांचे वकील किती, जुन्या गाड्या हप्त्याने विकणारे किती, सरकारी आरोग्य-सूचना किती, आणि स्टेशनने रिकामी जागा भरायला लावलेल्या स्वतःच्याच घोषणा किती. शेवटचा रकाना नीट मोजा. न विकली गेलेली सेकंदं त्यातच सापडतात.